अकरा दिवसांचं सोयर

"नाक धर आनी एका घोटान पी," सुमंगला म्हणाली आणि एरंडेल तरंगणाऱ्या कोऱ्या कॉफीचा कोप तिने सुनेच्या ओठांपाशी नेला...

शालिनीने तोंड बाजूला वळवलं. दिवस भरून आठ दिवस उलटले होते, आणि डिचोलीच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "सोमवारी ये. कळा आम्ही सुरू करू, इथे, डोळ्यांसमोर. घरी काही म्हणजे काही घ्यायचं नाही." आज गुरुवार होता.

पण सुमंगलेची बोटं वेगळेच दिवस मोजत होती. शिरगावच्या लईराईची जत्रा सतरा दिवसांवर आली होती. तिचा नवरा विठ्ठल तीस वर्षं देवीचा धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, म्हणून निखाऱ्यांवरून चालला. तो गेला, आणि त्याची वेताची काठी यंदा पहिल्यांदाच मुलगा गोपाळ उचलणार होता. घरात मूल जन्मलं की अकरा दिवस सोयर, तोवर देवाचं काही करायचं नाही. मग पाच दिवसांचं व्रत. मूल आज-उद्या जन्मलं तरच गोपाळ चालणार, सोमवारी जन्मलं तर नाही.

"तुज्या मांवाची काठी खुंटयेक लटकत उरतली," खुंटीवरच्या विठ्ठलाच्या काठीकडे बोट दाखवत सुमंगला म्हणाली. "तुका बरें दिसतलें?"

शालिनी पेडण्याची. आई लहानपणीच गेलेली, म्हणून पहिलटकरीण असूनही ती सासरीच राहिली होती. गोवा राज्य झालं त्या साली ती या घरात आली. दोन वर्षांत सासूने तिला एकदाही नावाने हाक मारली नव्हती, 'पेडण्याची' म्हणायची, तेही दुसऱ्यांशी बोलताना. मायेच्या एका शब्दासाठी ते अभागी मन किती आसुसलेलं होतं! आज प्रथमच सासूचा हात तिच्या पाठीवर होता... तिने डोळे मिटले आणि कोप रिकामा केला.

दोन तास कळ आलीच नाही. सुमंगलेने दुसरा कोप दिला.

कळा येतात आणि जातात असं शालिनीने ऐकलं होतं. ही कळ आली ती जाईचना. पोट घट्ट झालं ते सैल पडेना, जुलाबांनी अंगातलं त्राण गेलं, आणि मग पाणी फुटलं. गोपाळ खाणीवर कामाला गेलेला. सुमंगलेने रस्त्यावर धावत जाऊन खनिजाचा ट्रक थांबवला आणि सुनेला केबिनमध्ये चढवलं. पुढे लाल धुळीत ट्रकांची रांग लागली होती, आणि ती हलायचं नाव घेत नव्हती.

"आई... पोटांत तें हालना गे."

"हालतलें. ओगी रव." सुमंगलेने खिडकीतून हात काढून पुढच्या ट्रकांना बाजूला व्हायला खुणावलं.

इस्पितळ आलं, आणि कळा एकाएकी थांबल्या. ती शांतता शालिनीला कळांहून भयंकर वाटली.

"घरी काही घेतलंस?" नर्सने विचारलं.

शालिनीने दाराकडे पाहिलं. सासू पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती. खरं सांगितलं तर सगळ्या इस्पितळात तिची शोभा होईल, आणि पाठीवर आलेला तो हात पुन्हा कधी येणार नाही...

"काही नाही," ती म्हणाली. "आपोआपच सुरू झालं."

"मग कळा आणायची बाटली लावू या." नर्सने सुई हातात घेतली.

"थांब गो बाय." सुमंगला आत आली. "ती फट मारता. हांवें दिलां एरंडेल. दोन कोप, म्हज्या ह्या हातान."

डॉक्टरीणबाई धावत आल्या. शालिनीच्या पोटावर नळी टेकवून त्या कितीतरी वेळ ऐकत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "ठोके मंदावलेत. एरंडेलावर आणखी बाटली नको. ऑपरेशन."

मुलगी झाली. रडली नाही. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. "सासूबाई बोलल्या नसत्या, बाटली लागली असती, तर..." म्हणता म्हणता डॉक्टरीणबाई पेटीवर वाकल्या.

सुमंगला व्हरांड्यातून हलली नाही. गोपाळ पेज घेऊन यायचा, पेजही तशीच परत जायची. एके सकाळी नर्सने बाळ आणून शालिनीच्या कुशीत दिलं. ते दूध ओढत होतं, पण त्याची डावी मूठ उघडत नव्हती. उघडेल की नाही, हे कोणी सांगत नव्हतं.

शालिनीने उशाशी बसलेल्या सासूकडे पाहिलं. "आई, सोयर आज फिटलें न्हय? तांकां व्रताक बसूंक सांग. जत्रा चुकतली."

सुमंगलेने एरवी दिवस मोजणारं आपलं बोट त्या मिटलेल्या मुठीखाली सरकवलं आणि तिथेच ठेवलं.

"दीस हांवें मेजूंकच ना, शालिनी."