दोन डिस्कचं कपाट

सौदीतल्या अल खोबरच्या कॉम्प्युटर बाजारावर त्या दुपारी आभाळ उकडलेल्या बटाट्याच्या रंगाचं झालं होतं. धूळ अशी उठली होती, की समोरच्या दुकानाची पाटी अंदाजानेच वाचावी लागत होती. मनीषदादा गाडीला जागा शोधायला गेला, नूपुर एकटीच दुकानात शिरली, आणि तेवढ्यात अजान झाली. दुकानदार कादिरने सवयीने शटर खाली ओढलं. "बहनजी, नमाज़ होते ही खोलता हूँ," म्हणाला आणि मागच्या दाराने निघून गेला.

आत राहिली अबाया सावरणारी नूपुर, खोक्यांची चळत, आणि चळतीमागून डोकावणारा एक इसम.

"घाबरू नका," तो म्हणाला.

"मी मराठी आहे हे कसं कळलं?"

"शटर पडलं तेव्हा 'अगं बाई' म्हणालात. अरबी बाया तसं म्हणत नाहीत."

हा उदय राऊळ. मूळचा सावंतवाडीचा. जुबैलच्या एका कारखान्यात गेली नऊ वर्षं पंप दुरुस्त करत होता. सुट्टीला लोक समुद्रावर जात, हा हार्ड डिस्क बघायला येई. समुद्र काय, गावाकडे चांगला होता.

"काय हवंय?"

"सर्व्हर. घरातल्या तिन्ही कॉम्प्युटरना मिळून एक कपाट. पण स्वस्तात."

"कपाटात ठेवायचंय काय?"

"आई," नूपुर म्हणाली, आणि जीभ चावली. "म्हणजे... आईचा आवाज. दादा इकडे आल्यापासून ती नाशिकहून कॅसेट भरून पाठवायची. निम्म्या कॅसेटी त्याला रागावण्यातच गेल्यात. सगळं आता दादाच्या कॉम्प्युटरवर आहे. आई मार्चमध्ये गेली... आणि कॉम्प्युटरला हल्ली घरघर लागलीय."

सांत्वन करायचं म्हणजे काय करायचं, हे उदयला ठाऊक नव्हतं. त्याने एक खोकं उचलून उलटं केलं.

"मग प्रोसेसरचा विचार सोडा. जुनं पेंटियम चालेल. फायली वाटायला अक्कल लागत नाही. पॉवर सप्लाय मात्र चांगला घ्या. आणि डिस्क दोन. एकीवर लिहिलं की तेच दुसरीवर आपोआप उमटतं. एक गेली, तर दुसरी सांभाळते."

"दोघी एकदम गेल्या तर?"

"जातात कधी कधी. एकाच खोक्यातल्या, एकाच दिवशी जन्मलेल्या असल्या तर. म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्यायच्या."

"म्हणजे पत्रिका बघायची?"

"एकनाडी नको, एवढंच."

बऱ्याच महिन्यांनी नूपुर हसली. शटर वर गेलं आणि धुळीने माखलेला मनीष आत आला. त्याला फुकटात जुळणी करून देणारा माणूस मिळाल्याचा आनंद झाला. त्याला दिसलं ते एवढंच.

उदय शुक्रवारी येऊ लागला. एका शुक्रवारात उरकणारं काम त्याने रमजान लागेपर्यंत पुरवलं. शीलावहिनी चहा करून कंटाळल्या.

"हा एक स्क्रू उरला," नूपुर म्हणायची.

"उरू द्या. पुढच्या शुक्रवारी लावतो."

"गेल्या शुक्रवारी हाच उरला होता."

"...लक्ष आहे तर तुमचं."

नूपुरचा व्हिजिट व्हिसा संपत आला तशी हसण्यावारी न्यायची सोय राहिली नाही. नाशिकच्या पंकजचं स्थळ फोटोवरूनच होकार देऊन बसलं होतं. बँकेत नोकरी, घरात कुणाचा त्रास नाही. दादाला शनिवारी संध्याकाळी उत्तर कळवायचं होतं. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या तेव्हा नूपुरने हे सगळं सर्व्हरच्या पंख्याकडे बघत उदयला सांगितलं.

उदयच्या हातातला पेचकस थांबला. "मी आईला आपल्याबद्दल विचारतो. तिचा नकार असताना तुम्हाला त्या घरात नेऊन बसवणार नाही मी. शनिवारी मेसेज करतो."

शनिवारी मेसेज आला. इंग्रजी अक्षरांत, मराठी भाषेत: आईशी बोललो. खलास.

नूपुर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिली. नाशिकला गॅस खलास होतो, टॉर्चचा सेल खलास होतो, रात्रीतून पेशंट खलास होतो. या शब्दानंतर नाशिकमध्ये कधी काही सुरू झाल्याचं तिने ऐकलं नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "कळव त्यांना. हो म्हण."

मनीषने तिथल्या तिथे फोन लावला. नाशिकला पेढे वाटले गेले.

दुसऱ्या दिवशी उदय दारात उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात बकलाव्याचा डबा.

"मनीषराव, आई तुम्हाला फोन करणारच आहे—"

"कशाला?" नूपुर म्हणाली. "खलास म्हणालात ना?"

"हो! खलास! म्हणजे ठरलं! इकडे भाडं ठरलं की अरबी टॅक्सीवाला म्हणतो... मालकाने, कफीलने, सही केली की..." तिचा चेहरा पाहून त्याचा आवाज उतरत गेला. "नऊ वर्षांत दुसरा शब्द तोंडातच राहिला नाही हो."

मनीषने दोघांकडे पाहिलं. या वेळी त्याला सगळं दिसलं. "शब्द देऊन बसलोय मी," तो म्हणाला. "लोकांनी पेढे खाल्लेत."

"होकार माझा होता, दादा. फोन लाव. मीच बोलते."

वहिनींनी गॅस बंद केला. पलीकडे फोन पंकजनेच उचलला.

"मी नूपुर. काल जो होकार आला ना... तो तुमच्यासाठी नव्हता. मला रागवा, घरच्यांना सांगा, पण हे लग्न नको."

तारेतल्या खरखरीतून पंकजने विचारलं,

"माझं काही चुकलं का?"

"नाही. एका शब्दाचा अर्थ मी चुकीचा लावला."

"बरं," पंकज म्हणाला. "आजवर सगळ्यांनी नाहीच म्हटलं होतं. तेव्हा कालचा दिवस... चांगला गेला माझा." आणि अगदी हळू फोन ठेवला.

नूपुर रिसीव्हर हातात धरून, फक्त फोटोत पाहिलेल्या त्या माणसासाठी रडू लागली. उदयने रुमाल काढला. भाऊ समोर उभा, म्हणून त्याने तो वहिनींना दिला. वहिनींनी नूपुरला दिला.

"ग्रीसचा वास येतोय," ती हुंदक्यातून म्हणाली.

"धुतलाय," उदय म्हणाला. "जात नाही तो."