दूरचा ठिपका

आमच्या प्रयोगशाळेतून प्रशिक्षणाला दोघींना पाठवलं. मला, कारण नवं यंत्र पुढे मीच चालवणार होते. आणि मावशींना, कारण निवृत्तीआधी त्यांना एकदा तरी आठवडाभर खुर्चीत बसू द्यावं, असं साहेबांना वाटलं. मावशी माझ्या नात्यातल्या कोणी नाहीत. पण नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी नवीकोरी ब्युरेट, म्हणजे मापाची काचनळी, फोडली, तेव्हा ‘माझ्या हातून निसटली’ असं त्यांनी साहेबांना बेधडक सांगितलं होतं. नात्याला आणखी काय लागतं?

खोली साधीच होती. लांब टेबलं, पांढरा पडदा, खिडकीखाली घरघरणारा एसी. शिकवणारे सर बोलताना चष्मा हातात घेऊन हलवायचे, मग तोच शोधत बसायचे. केमोमेट्रिक्स हे विषयाचं नाव ऐकूनच वही मिटावीशी वाटते. सरांनी मात्र सोपं करून सांगितलं. वस्तूवर प्रकाश टाकायचा, परत येणारा प्रकाश मोजायचा आणि त्या ढीगभर आकड्यांचा पडद्यावर एक ठिपका करायचा. सारख्या वस्तूंचे ठिपके जवळजवळ पडतात.

“या आठवड्यात यंत्राला एवढंच शिकवायचं,” सर म्हणाले, “आपली माणसं ओळखायला. हात ठेवला की म्हणायला हवं, हा आपल्यातला. लाकूड ठेवलं की म्हणायला हवं, हा नाही.”

आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने यंत्रावर तळहात ठेवले. ठिपक्यांचा छान घोळका जमला. एकच ठिपका पार कोपऱ्यात, रुसून बसल्यासारखा. तो मावशींचा. आम्लं हाताळून आणि काचसामान धुऊन त्यांच्या हातांची कातडी कधीच करपून गेली होती.

“वेगळा का पडला हे कळल्याशिवाय ठिपका काढायचा नाही,” सरांनी बजावलं आणि ते फोन घ्यायला बाहेर गेले.

“कळलंय की. म्हातारीचे हात,” मावशी म्हणाल्या, आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी आपला ठिपका उडवलासुद्धा. “तुझं काम बिघडायला नको गं.” मग पर्समधली क्रीमची डबी काढून त्यांनी माझ्या हातांना क्रीम चोळली. “तू तरी हात जप.”

घोळका आता गोल, देखणा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या ट्रेमध्ये एक कप कमी निघाला. “सगळ्यांना दिला की,” चहावाल्या बाई मावशींच्या डोक्यावरून पाहत म्हणाल्या. मी माझा अर्धा चहा बशीत ओतून मावशींना दिला.

मग काचेचं दार त्यांच्यासाठी उघडेना. मी पुढे झाले की उघडायचं. “बारीक झालेय मी, दाराला दिसत नाही,” मावशींनी हसण्यावारी नेलं. मी दाराचा सेन्सर रुमालाने पुसला. मी शास्त्र शिकलेली बाई. माझ्या लेखी प्रत्येक गोष्टीचं पहिलं कारण धूळच असतं.

पण धुळीमुळे कोणी बसलेल्या माणसाच्या मांडीवर बॅग ठेवत नाही. सरांनी ठेवली.

“सर, अहो!” मी ओरडले.

ते खुर्चीकडे बराच वेळ पाहत राहिले. “इथे कोणी... हो, हो. सॉरी.”

दुपारी मावशी जिन्यात फोन हातात धरून बसलेल्या दिसल्या.

“लेकीला फोन केला होता,” त्या म्हणाल्या. “म्हणाली, कोण बोलतंय? म्हटलं, अगं, आई. तर तिने फोनच ठेवला.”

या वेळी त्या हसल्या नाहीत. मी त्यांचा हात हातात घेतला. तो खरखरीत आणि गार होता. मला रडूच आलं.

मी धावत वर गेले आणि काढून टाकलेला ठिपका परत घेतला. जिन्यातून फोनची रिंग ऐकू आली, पाठोपाठ मावशींचा आवाज: “अगं हो, आईच. कुठे जाणार मी?”

शेवटच्या दिवशी सगळ्यांचे हात नव्याने मोजले. एका टोकाला मावशींचा ठिपका. दुसऱ्या टोकाला आणखी एक.

माझा.

“क्रीम लावता का?” सरांनी विचारलं. मावशी आठवडाभर रोज सकाळी माझे हात चोळत होत्या.

सरांनी यंत्रापुढे लाकडाचा तुकडा ठेवला. यंत्र म्हणालं, आपल्यातला.

“दोन टोकं सांभाळताना त्याला काहीही आपलं वाटतंय,” सर म्हणाले. “एक ठिपका काढावा लागेल. मग मॉडेल कायमचं पक्कं करू.” पडद्यावरचा बाण मावशींच्या ठिपक्याकडे सरकला.

“काढा की,” मावशी म्हणाल्या. फोन मात्र त्यांनी मुठीत घट्ट धरला होता.

“माझा काढा,” मी म्हणाले.

“नको गं!” मावशींनी माझा हात घट्ट धरला.

“माझा, सर. कारण कळलंय ना?”

बटण दाबलं गेलं.

लाकूड ओळखलं गेलं. टाळ्या वाजल्या.

चहा आला. एक कप कमी होता.

मावशींचा हात अजून माझ्या हातावर होता. त्यांनी तो उचलला, तळव्याचा वास घेतला.

“माझीच क्रीम,” त्या स्वतःशी म्हणाल्या. “मी तर कधी लावत नाही.”

मग, का कोण जाणे, त्यांनी अर्धा चहा बशीत ओतला आणि शेजारी, माझ्यापुढे सरकवला.

मी तो प्यायले.

मावशींनी रिकाम्या बशीकडे पाहिलं, आणि आपली खुर्ची जरा लांब ओढून घेतली.