शेवटच्या खणातलं गाणं

छपरावरचा बर्फ कधी घसरेल याचा जपानातल्या हिरोसाकीत कुणी भरवसा धरत नाही, म्हणून शहाणी माणसं वळचणीखाली उभी राहत नाहीत. शिन्पेइ उभा राहिला. हातमोजा दातांत धरून तो खिशात काड्यापेटी शोधत होता, तेवढ्यात आतून कोझुएने दार सरकवलं. दार जरा जोरात आपटलं आणि वरून— धप्प!

कोझुएला दिसला तो बर्फाचा ढीग, त्यावर एक टोपी, आणि टोपीखाली दोन गोंधळलेले डोळे.

तिने हसायला नको होतं. पण हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेचना.

"माफ करा हं… लागलं का कुठे?"

"नाही," ढीग म्हणाला. "तुमचं हसून होऊ द्या आधी. मी थांबतो."

तिने त्याला आत आणलं, शेगडीजवळ बसवलं. त्याच्या मानेवरून पाणी ओघळत होतं आणि कान लालबुंद झाले होते. हात मात्र फार सुंदर होते— रुंद, काळपटलेले, शांत. वरच्या गल्लीतल्या ओसानाइ लोहाराचा हा धाकटा, सफरचंदाची झाडं छाटायच्या कात्र्या घडवतो, हे तिला नंतर कळलं.

ते दुकान म्हणजे गाण्यांचं कॉफीघर होतं. कोझुएची तोमी मावशी कॉफी करायची, कोझुए अ‍ॅकॉर्डियन वाजवायची आणि आलेली मंडळी मिळून गायची. एका भिंतीला छोटे छोटे खण होते. प्रत्येक खणावर जपानी मुळाक्षरांतलं एक अक्षर, आणि त्या अक्षराने ज्यांची नावं सुरू होतात अशा गाण्यांची कार्डं त्या खणात. गाणी म्हणायची ती खणांच्या क्रमाने. एका खणातली सगळी झाली की पुढचा खण. पूर्वी असं नव्हतं. पण एकदा फर्माइशींवरून विद्यार्थी आणि सफरचंदाचे व्यापारी हातघाईवर आले, मावशीच्या चांगल्या कपबश्या फुटल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून हा नियम झाला. तो मोडायची छाती अजून कुणाची झाली नव्हती.

त्या दिवशी 'ता'चा खण चालू होता.

"नवीन पाहुणे," कासाइ आजोबा म्हणाले. हे निवृत्त स्टेशनमास्तर, रोज सगळ्यांच्या आधी हजर. "तुमचं आवडतं गाणं कोणतं? नाव सांगा, म्हणजे कोझुए पाळी सांगेल."

शिन्पेइने भिंतीकडे पाहिलं. पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत नजर सावकाश फिरवली. मग कोझुएकडे पाहिलं. मग पुन्हा शेवटच्या खणाकडे.

"वा… वारात्ता नेको," तो म्हणाला. म्हणजे 'हसली मांजर'.

सगळे हळहळले. "अरे बाबा, 'वा'! अगदी टोकाला! मध्ये ना, हा, मा, या, रा… सगळ्या रांगा आहेत. आता घरी जा आणि सफरचंदाला फुलं आली की ये."

"नको," शिन्पेइ टोपी पिळत म्हणाला. "मी इथेच थांबतो. रोज थोडा थोडा."

आणि तो खरंच रोज येऊ लागला. भट्टी विझवून, तोंड धुऊन, पण एका कानामागे काजळी हमखास ठेवून. गळा त्याचा असा बेसूर, की अ‍ॅकॉर्डियनने लाजावं.

"तुम्ही एकाच सुरात गाता," एकदा कोझुए त्याच्यापुढे कॉफी ठेवताना म्हणाली.

"चांगलंच की. निदान हरवत तरी नाही."

"बाकीचे हरवतात ना पण!"

"मग मी गप्प बसू?"

"तसं नाही म्हटलं मी…" ती घाईने म्हणाली, आणि आपण फारच घाईने म्हणालो असं वाटून फडकं शोधायला आत पळाली.

'ना' संपलं, 'हा'ची रांग सुरू झाली. रस्त्याकडेच्या बर्फाच्या भिंती खचू लागल्या. एका दुपारी कोझुएने सहज 'वा'चा खण उघडला. 'हसली मांजर' त्यात नव्हतं.

या खणांत नाही असं गाणं म्हणजे तिला स्वतःचीच चूक वाटायची. शेजारच्या खणांत पाहिलं, कुठे चुकून गेलंय का. नाही. रेकॉर्डच्या दुकानात विचारलं. शाळेतल्या संगीताच्या बाईंना विचारलं. गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात अंग घासणाऱ्या बायकांना विचारलं, तेव्हा एक जण पाठीवर पाणी ओतत म्हणाली, "मांजर कधी हसते का गं? कुणी सांगितलं तुला?" तेव्हापासून त्या तिला मांजरवालीच म्हणू लागल्या.

शेवटी तिने त्यालाच आडून विचारलं. "त्या गाण्याची चाल कशी आहे हो?"

"माझ्या गळ्यातून आलेली चाल तुम्हाला ओळखू येईल का?"

तेही खरंच होतं. "बरं, शब्द?"

"शब्द…" त्याने कॉफीत ढवळलं. साखर केव्हाच विरघळली होती. "मांजर असते एक. आणि ती… हसते."

"पुढे?"

"पुढचं पाळी आल्यावर. नियम आहे ना तुमचा?"

तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी दिवसभर ती तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत राहिली.

'या'ची रांग लागली तशी तिची झोप उडाली. कारण पुढे 'रा'. जपानीत 'र'ने सुरू होणारे शब्दच थोडे, मग गाणी कुठली असायला! रा, रि, रु, रे, रो— ही रांग म्हणजे उतरणीवरची घसरगुंडी. बसलं की खाली, थेट 'वा'त. आणि 'वा'त त्याचं गाणं नाही. त्याहून वाईट म्हणजे, असतं तरी काय? ज्यासाठी तो इतके दिवस थांबला ते ऐकून झालं की नमस्कार करून निघून जाणार. लोहाराला रोज कॉफीघरात काय काम?

मग तिला सफरचंद आठवलं. सफरचंद म्हणजे 'रिंगो'. आणि या गावात सफरचंदाला काय तोटा! ती बागांमध्ये गेली, डोक्याला फडकी बांधलेल्या बायकांच्या मागे मागे हिंडली आणि सफरचंदावरची सगळी गाणी लिहून आणली. तोडणीची, पेट्या भरायची, एक तर किडीला शिव्या द्यायचं. 'रि'चा खण इतका भरला की बंद होईना.

"सफरचंदाला यंदा बरीच गाणी लागली गं," तोमी मावशी कप पुसत म्हणाली.

"लोकांना आवडतात मावशी."

"लोकांना? काल कासाइ आजोबा म्हणत होते, आणखी एक सफरचंद गायला लावलंत तर पोटात दुखेल." मावशीने कप उजेडात धरून पाहिला. "गाणं ऐकलं की तो जाईल, असंच ना?"

कोझुए 'रि'चा खण बंद करायची खटपट करत राहिली. तिचे कान मात्र बोलले. लाल झाले.

"मग विचारून टाक की."

"काय विचारू? तुम्ही उद्यापासून येणार का म्हणून? मी मुलगी आहे, मावशी!"

"मी कपबशी आहे का? मी विचारलं होतं तुझ्या काकांना."

आणि गंमत अशी, की शिन्पेइही गाणी आणू लागला. तीही 'रा'च्या रांगेतली! 'रान्पु', म्हणजे कंदील, त्याचं एक. 'रो' म्हणजे वल्हं, वल्ह्याची दोन. कात्री घ्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडून म्हणे तो गाणं काढून घ्यायचा. ज्याला 'वा'ची घाई, तो 'रा'ची भर का घालतो हे कोझुएला कळेना. स्वभावच परोपकारी असेल, असं म्हणून तिने मनाची समजूत घातली. समजूत फारशी पटली नाही.

पण खण कितीही भरले तरी संपतात. मे महिन्यात, चेरीच्या गळलेल्या पाकळ्या किल्ल्याच्या खंदकात तरंगून गेल्यावर, 'वा'चा दिवस आलाच.

कोझुएने एक गोष्ट केली होती. रोज सकाळी, खुर्च्या टेबलांवर उलट्या असताना, लादी पुसता पुसता, तिने ते गाणं स्वतःच रचलं होतं. त्याला रिकाम्या हाती कसं पाठवायचं? इतके दिवस थांबलेल्या माणसाला 'नाही सापडलं' म्हणणं तिच्या जिवावर आलं होतं.

"वारात्ता नेको," तिने जाहीर केलं. कासाइ आजोबांनी टाळ्या वाजवल्या. "आली! आली एकदाची मांजर!"

गाणं साधंच होतं. एक मांजर कधीच हसत नसते. मग तिच्यासमोर एक माणूस बर्फात पुरला जातो आणि ती हसते, आणि मग तिला हसल्याशिवाय करमेनासं होतं. दुसऱ्या कडव्याला सगळे पाय आपटून गाऊ लागले.

शिन्पेइ गात नव्हता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो उठला, कुणाच्या तरी पायावर पाय देत दाराकडे गेला आणि बाहेर पडला.

कोझुए अ‍ॅकॉर्डियन गळ्यात तसंच ठेवून मागे धावली. दारातच तिने त्याला गाठलं.

"थांबा! ओळखलंत ना? मला माहीत होतं ओळखाल. ते तुमचं गाणं नाही. तुमचं मला सापडलंच नाही. मी… मी केलं ते. रागावू नका."

"कोझुएसान," तो अदबीने म्हणाला.

"मी खूप शोधलं हो. अगदी मनापासून—"

"असं गाणंच नाही."

"काय नाही?"

"'हसली मांजर' नावाचं गाणं. जगात कुठेच नव्हतं. आत्ता तुम्ही वाजवेपर्यंत." त्याने टोपी काढली. "मला फक्त शेवटच्या खणातलं नाव हवं होतं. म्हणजे रोज यायला निमित्त झालं असतं. तुम्ही नुकत्याच हसला होतात, म्हणून 'हसली'. मांजर मात्र… आपोआप आली."

कोझुएचा पारा चढला.

"मी अख्खं गाव पालथं घातलं! संगीताच्या बाईंनी टोकियोला पत्र पाठवलंय! न्हाणीघरात मला मांजरवाली म्हणतात, माहीत आहे?"

"माहीत आहे. आमची आई तिथेच असते."

"आणि तुम्ही गप्प?"

"घाबरलो होतो. 'वा' आला की खोटं उघडं पडणार, आणि तुम्ही मला दाराबाहेर काढणार. म्हणून तर ती वल्ह्याची गाणी गोळा करत होतो."

"म्हणजे… 'रा' लांबावं म्हणून?"

"हो. पण तुम्हीही काही कमी नाही. सफरचंदाची इतकी गाणी? कशासाठी?"

बागांकडून फुलांचा मंद वास येत होता. तिने अ‍ॅकॉर्डियनच्या पट्ट्याशी चाळा केला.

"तुमच्याच कारणासाठी," ती अगदी हळू म्हणाली.

"ऐकू नाही आलं. हातोड्याने कान गेलेत माझे."

"खोटं! ऐकू आलंय तुम्हाला!"

"आलंय," तो म्हणाला, आणि त्याचा तो सुंदर, काळपट हात पुढे येऊन अर्ध्यातच थांबला. "तुम्ही मला आवडता, कोझुएसान. पहिल्या दिवसापासून. आता सांगितलं. आता कोणत्याच खणाची वाट पाहायची नाही मला. उद्या याल? माझ्या मामाच्या बागेत फुलं फुलली आहेत, बघायला."

"उद्या…" तिने ओठ चावला आणि मग तिला हसू फुटलं. "उद्या सुट्टीच असते आमची. 'वा'नंतर 'न्' येतो ना. त्याने कुठलाच शब्द सुरू होत नाही, मग गाणं कुठून असणार? तो दिवस दुकान बंद."

वाचकहो, आपल्या 'ळ'सारखंच हे. शेवटाकडे बसलेलं, कधी कुणाच्या पुढे न जाणारं अक्षर. शिन्पेइने मात्र त्या घटकेला त्याला मनोमन नमस्कार केला.

"कोझुए!" आतून तोमी मावशीचा आवाज आला. "दारातून वारा येतोय! एक तर दोघं आत या, नाहीतर दोघं बाहेर जा, पण ते दार लाव!"

मागोमाग कासाइ आजोबा, "बाहेर जा! बाहेर जा!" आणि त्यांच्यापाठोपाठ सगळं दुकान टेबलं बडवू लागलं.

कोझुएने शिन्पेइकडे पाहिलं. शिन्पेइने कोझुएकडे. मग तिने उंबरठा ओलांडला आणि दार ओढून घेतलं. बाहेरून.

त्याने तिचा हात धरला. तसा अ‍ॅकॉर्डियनचा भाता सैल सुटला आणि त्यातून एक लांब, सुखावलेला सूर निघाला. पहिल्या मजल्यावरची एक खिडकी उघडली.

"अहो, बंद करा ना ते," शिन्पेइ कुजबुजला.

"कसं करू?" कोझुए म्हणाली. "त्याला दोन्ही हात लागतात."

आणि तिने हात सोडवला नाही. गल्ली संपेपर्यंत ते वाद्य पावलागणिक उसासे टाकत राहिलं, आणि एकेक खिडकी उघडत गेली.