जोडलेली उपकरणं : तीन

खोटं वाटलं तर वाटू द्या. मला आता त्याचंही फारसं काही वाटत नाही. पण हे ऐकीव नाही, माझ्या घरात आणि माझ्यासमोर घडलेलं आहे.

रात्र वगैरे नव्हती. मंगळवार होता, दुपारचे चार वाजायला आले होते. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. भाड्याच्या नव्या घरात येऊन आम्हाला जेमतेम चार दिवस झाले होते. तिसरा मजला, दोन खोल्या, भिंतींना ताज्या रंगाचा वास. घरात दोघीच, मी आणि आई.

निदान माझी तरी तशी समजूत होती.

दादाला जाऊन अकरा महिने झाले होते. जुन्या घरासमोरच्या रस्त्यावर, भर दुपारी, एका टेम्पोने त्याला उडवलं. तेव्हापासून आई एकच प्रश्न विचारायची. रागाने नाही, रडून नाही. वाटाणे सोलता सोलता, कपड्यांच्या घड्या करता करता.

"तो त्या वेळेला खाली कशाला गेला असेल गं?"

मी म्हणायचे, "काय माहीत."

मला माहीत होतं.

तर त्या मंगळवारी मी नवा राउटर लावत होते. वायरीच्या नेटला पंधरा दिवस लागतील असं लाइनमनने सांगितलं होतं. माझं काम घरून चालतं. डॉक्टर लोक जे बोलून ठेवतात ते ऐकून टाइप करायचं आणि सहाच्या आत पाठवायचं. दोन दिवस मोबाइलच्या नेटवर रेटलं, पण फोन तव्यासारखा तापायला लागला. मग हा आणला. साबणाच्या वडीएवढा, बॅटरीवर चालणारा, बॅगेत टाकून कुठेही नेता येईल असा.

मागचं झाकण काढलं. सिमकार्ड बसवलं. बटण दाबून धरलं. लाल दिवा लागला, जरा वेळाने निळा झाला. झाकणाच्या आत एक चिकटपट्टी होती, तिच्यावर कंपनीने दिलेलं नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड. लॅपटॉपवर राउटरचं पान उघडलं. नवीन नाव टाका, नवीन पासवर्ड टाका, असं ते विचारत होतं.

इथे मी जे केलं, ते दादाने शिकवलेलं होतं.

दादा लोकांकडे जाऊन नेट जोडून द्यायचा. तो सांगायचा, राउटर बदलला तरी नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवायचा. म्हणजे घरातल्या सगळ्या वस्तू आपोआप जोडल्या जातात. प्रत्येक वस्तू धरून बसायला नको, घरच्या म्हाताऱ्यांच्या डोक्याला ताप नको. त्यांना कळतही नाही काही बदललंय म्हणून.

आमच्या नेटवर्कचं नाव त्यानेच ठेवलं होतं, 'शेजाऱ्यांनी लाजावं'. मी तेच टाकलं. पासवर्डही तोच. बोटांना पाठ होता.

राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. बाहेरच्या खोलीत आईचा टॅब्लेट आपसूक बोलायला लागला, चार दिवसांपूर्वी अडकलेलं बातमीपत्र पुढे सुरू झालं. आईने आवाज कमी केला. मी पानावरची यादी बघितली.

जोडलेली उपकरणं : दोन.

माझा लॅपटॉप आणि आईचा टॅब्लेट; माझ्या फोनचं वाय-फाय मी बंदच ठेवते. नावं दादानेच ठेवलेली, इंग्रजी अक्षरांतली मराठी. मी 'छोटी कटकट'. आई 'हायकमांड'.

सगळं ठीक होतं. मी फाइल उघडली, हेडफोन कानाला लावला. एक डॉक्टर कुणाच्या तरी गुडघ्याबद्दल बोलत होता. मध्येच सहज नजर यादीवर गेली...

जोडलेली उपकरणं : तीन.

छोटी कटकट.

हायकमांड.

मोठे साहेब.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

'मोठे साहेब' म्हणजे दादाचा फोन.

भीतीने गारठले, किंचाळले असं मला लिहिता आलं असतं. तसं काही झालं नाही. त्या अकरा महिन्यांत माझ्या आत काही हलतच नव्हतं. मी हेडफोन काढून ठेवला आणि बघत बसले. चार बावीसला ते नाव यादीतून गेलं.

चार दहा ते चार बावीस. ही बारा मिनिटं मला चांगली ओळखीची होती.

त्या दिवशी मला मोठी फाइल पाठवायची होती आणि ती काही केल्या पुढे सरकत नव्हती. दादा आतल्या खोलीत फोनवर काहीतरी डाउनलोड करत होता. सकाळपासून आमचं त्यावरून वाजत होतं. मी त्याला दोनदा सांगितलं, त्याने नेहमीसारखं थट्टेवारी नेलं. मग मी राउटरचं पान उघडलं, यादीत 'मोठे साहेब' शोधलं आणि ब्लॉक करून टाकलं. कुणी फुकट्या घुसला तर कसा हाकलायचा हे त्यानेच मला दाखवलं होतं. चार दहा झाले होते.

आतून त्याने विचारलं, "नेट गेलं का गं?"

मी म्हटलं, "हो, माझ्याकडेही नाहीये."

मला हसू येत होतं. दहा मिनिटांनी सांगणार होते.

त्या घरात मोबाइलला रेंज नव्हती, रस्त्यावर गेलं तरच यायची. सव्वाचारला त्याची एका मोठ्या कंपनीत फोनवर, व्हिडिओ कॉलने मुलाखत होती. घरात त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, झालं की एकदमच सांगू म्हणून. मला नंतर त्याच्या मित्राकडून कळलं. तो घाईघाईने चपला अडकवून खाली गेला. चार बावीसला मी खिडकीतून आवाज ऐकला. आई शेजारी गेली होती, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

फाइल मात्र गेली होती. वेळेत.

बुधवारी मी चार वाजल्यापासून यादीसमोर बसले. चार दहाला 'मोठे साहेब' आलं. मी उठून कपाट उघडलं. खालच्या खणात पत्र्याचा डबा आहे, त्यात पोलिसांनी परत दिलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवीत पाकीट, एक चप्पल आणि फोन. दुसरी चप्पल सापडलीच नव्हती. फोनच्या काचेचा चुरा झालेला, मागचं कव्हर फाटलेलं. आत बॅटरीच नव्हती, नुसता चौकोनी खड्डा.

पिशवी हातात धरून मी लॅपटॉपकडे वळून बघितलं.

यादीत नाव तसंच होतं.

बाहेर जिन्यावरून कुणीतरी गेल्याचा आवाज आला. फट... मग थोडी शांतता... फट. एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात नाही, असं चालल्यासारखा. वरच्या मजल्यावरचं कुणी असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि डबा बंद केला.

गुरुवारी मला ऑफिसला जायचं होतं. आठवड्यातून एकदा जावं लागतं. तिथे नेट आहे, राउटरची काही गरज नव्हती. तरी मी मुद्दाम तो बॅगेत टाकला. आईला म्हटलं, आज टॅब्लेट चालणार नाही. ती नुसतं हं म्हणाली.

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर मी लॅपटॉप उघडून बसले. आजूबाजूला माणसं जेवणाचे डबे धूत होती, कुणी फोनवर भांडत होतं.

चार दहा.

जोडलेली उपकरणं : दोन. छोटी कटकट. मोठे साहेब.

टेबलाच्या समोरची खुर्ची रिकामी होती. एक ओळखीची बाई ती ओढायला आली, माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे बघितलं, आणि "सॉरी, कुणी बसलंय का," असं म्हणून पलीकडे गेली.

चार बावीस होईपर्यंत मी तिथून हलले नाही.

घरी पोचले तेव्हा आई दाराजवळच्या खुर्चीत होती. पाणी दिलं, माझी बॅग खुंटीला अडकवली, आणि अगदी सहज म्हणाली, "आज दादा फिरकला नाही."

मी तिला राउटरबद्दल, यादीबद्दल, कशाबद्दल एक अक्षरही सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी मी जेवले, भांडी घासली, झोपले. झोप लागलीही. पण सकाळी उठले तेव्हा कितीतरी महिन्यांनी मला काहीतरी वाटत होतं, आणि ती भीती होती. त्याची नाही. आईला तो दिसत असेल, ऐकू येत असेल, तर एक दिवस तो तिला सांगेल, याची. नेट गेलं म्हणून तो खाली गेला, हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. त्यातला एक गेला म्हणून मी वाचले होते.

म्हणून शुक्रवारी मी ठरवलं. आज तो आला की बंद करून टाकायचं.

काय ठरवतेय ते मला कळत होतं. तरीही ठरवलं.

चार वाजले. आई बाहेरच्या खोलीत टॅब्लेटवर काहीतरी बघत होती. मी पान उघडलं.

चार दहा. 'मोठे साहेब'.

नावासमोर लाल बटण होतं. ब्लॉक करा. नक्की का, असं पानाने विचारलं. मी हो केलं. नाव खाली घसरून ब्लॉक केलेल्यांच्या यादीत जाऊन बसलं.

घर एकदम शांत झालं. टॅब्लेटचा आवाजही थांबला होता.

मग आतल्या खोलीत खुर्ची सरकली...

आतल्या खोलीत खुर्ची नव्हतीच. तिथे अजून न उघडलेली खोकी होती, बस्स.

आई बाहेरून म्हणाली, "अगं, उत्तर दे ना त्याला."

"कुणाला?"

"नेट गेलं का म्हणून विचारतोय तो."

ते वाक्य मी सोडून जगात कुणी ऐकलं नव्हतं.

आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीकडे काहीतरी गेलं. दिसलं काहीच नाही. फट... शांतता... फट. माझ्या खुर्चीच्या मागून गेलं. मग मुख्य दाराची कडी वाजली. दार हलल्याचं मी पाहिलं नाही, पण जिन्यावर आवाज सुरू झाला होता. एक पायरी... दुसरी...

आई उठून उभी राहिली होती. तिचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता.

"खाली चाललाय तो," ती म्हणाली. "थांबव ना त्याला."

मी ब्लॉक काढण्याचं बटण दाबलं. राउटर म्हणाला, कृपया थांबा. निळा दिवा लुकलुकायला लागला. जिन्यावर आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचला होता. कृपया थांबा. मी पुन्हा दाबलं. पान गोल गोल फिरत राहिलं. आवाज पहिल्या मजल्यावर गेला. त्याच्याखाली फक्त रस्ता होता.

मी दारात धावले आणि जिन्याच्या पोकळीत वाकून बोलले. ओरडायचं होतं, पण आवाज साधाच निघाला.

"दादा, थांब. नेट आहे. गेलं नव्हतं. मी बंद केलं होतं."

पायऱ्यांचा आवाज थांबला.

खाली रस्त्यावरून एक टेम्पो गेला. त्याचा आवाज लांब जाईपर्यंत मी कठड्याला धरून उभी होते.

मागे वळले तर आई माझ्या अगदी जवळ उभी होती.

"त्या दिवशीही तूच बंद केलं होतंस?"

"हो."

मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने माझ्या खांद्याला धरून मला दारातून बाजूला केलं, कुणाला तरी आत यायला वाट द्यावी तशी. मग दार लावून घेतलं.

"आता बंद करू नकोस," ती म्हणाली. एवढंच.

लॅपटॉपवर यादी पुन्हा आली होती. तीन. त्या दिवशी 'मोठे साहेब' चार बावीसला गेलं नाही. अडतीस मिनिटं जोडलेलं राहिलं. किती डेटा गेला तेही राउटर दाखवतो. व्हिडिओ कॉलवर तेवढा वेळ बोलावं, मुलाखतीत बोलतात तसं, तर जेवढा जातो, साधारण तेवढाच गेला होता.

मुलाखत कशी झाली, ते मला कुणी सांगितलं नाही.

याला आता सात महिने झाले. वायरीचं नेट कधीचंच आलं, तरी हा छोटा राउटर मी बंद केलेला नाही. नाव तेच आहे, पासवर्ड तोच आहे. साडेतीनला आई आठवण करते, चार्जिंग बघ. ती माझ्याशी नीट बोलते, वाढते, आजारी पडले तर उशाशी बसते. तो खाली कशाला गेला, हे तिने पुन्हा कधी विचारलं नाही. त्या दिवसाबद्दल मीही काही बोलले नाही. माफ केलं का, हे विचारायची माझी हिंमत होत नाही.

रोज चार दहाला नाव येतं. ते आलं की मी कामावरून मान वर न करता म्हणते, "दादा, नेट आहे."

मला उत्तर ऐकू येत नाही. आई म्हणते, तो देतो.

काय म्हणतो, ते ती मला सांगत नाही.