पडद्याच्या तळाशी लिहिलेला पाऊस

"अहो...!"

शिडीवरचा माणूस वळला नाही.

"अहो, शिडीवाले! तुम्हालाच म्हणतेय!"

भुरभुर पाऊस पडत होता, हातातली बॅग जड होती, रात्रभराच्या प्रवासानं डोकं भणभणत होतं, आणि हा गृहस्थ थिएटरच्या दारावर पोस्टर चिकटवत ढिम्म उभा! तिच्या नाकावरचा राग तसाही कुठून उसना आणावा लागत नसे. तिनं छत्री मिटली आणि तिच्या टोकानं त्याच्या टाचेला टोचलं.

तो दचकला. शिडी हलली, खळीचा डबा कलंडला आणि अर्धी खळ तिच्या बुटांवर सांडली. मग त्यानं खाली पाहिलं... थेट तिच्या ओठांकडे.

"काय म्हणालात?"

"आधी दोनदा म्हणाले, तेव्हा काय झालं होतं?"

"तेव्हा तुम्ही माझ्या पाठीशी बोलत होतात." तो हसत खाली उतरला. "आमच्या गावात पाठीशी कुणी बोलत नाही."

"आणि ओठांकडे टक लावून बघतात वाटतं?"

"बघतात ना." त्यानं खिशातलं फडकं काढलं आणि खाली बसून तिचे बूट पुसायला घेतले. "तुम्हाला आवडत नसेल तर... नाही, तरी बघावंच लागेल."

असलं उत्तर तिला आजवर कुणी दिलं नव्हतं. चांगलं खरमरीत काहीतरी सुनवावं म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि तो इतक्या उत्सुकतेनं वर बघायला लागला की तिनं नुसता दुसरा बूट पुढे केला.

तो या थिएटरचा ऑपरेटर होता. सिनेमा लावणं, पोस्टर चिकटवणं, गळकं छप्पर शाकारणं, सगळं त्याच्याच गळ्यात. ती आली होती सिनेमे वाटणाऱ्या कंपनीकडून. जपानी ॲनिमेशनचे सिनेमे आले की त्यांची सबटायटल्स लिहिणं हे तिचं काम. साहेबांनी तिला इथं धाडलं होतं ते एक कोडं सोडवायला. हे सिनेमे बंदराच्या शहरात सपाटून आपटत. आईबाप म्हणत, कार्टून आहे, पोरांना घरीच दाखवू. डोंगरातल्या कॉलेजच्या गावात जेमतेम आठवडा निघे. आणि या गिरणीच्या गावात, जिथं माग आणि धूर यांपलीकडे काही नाही, तिथं मात्र तेच सिनेमे महिनोन् महिने हाऊसफुल्ल! साहेबांना ते कारण हवं होतं. कारण कळलं की ते बाटलीत भरून ते सगळीकडे विकणार होते.

त्या दुपारी ती मागच्या रांगेत जाऊन बसली. सिनेमा होता एका मुलीचा आणि तिच्याबरोबर गावोगाव फिरणाऱ्या एका रुसक्या किटलीचा. गिरणीतली पाळी संपवून आलेल्या बायका, म्हातारे, पोरंसोरं, सगळं थिएटर भरलेलं. किटली काहीतरी कुरकुरली आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आतच सगळे खदखदून हसले. पडद्यावर आगगाडी जाऊ लागली, खाली तिनंच लिहिलेलं उमटलं, 'लांब गाडीची शिट्टी'... आणि पुढच्या बाईनं डोळे मिटून घेतले. मग 'पत्र्यावर पाऊस' अशी ओळ आली आणि कुणीतरी हळूच उसासा टाकला.

या आवाजांच्या ओळींवरून ऑफिसात तिची रोज टिंगल व्हायची. "लोकांना कान आहेत की, बाई!" साहेब म्हणायचे. पण आवाज हेही बोलणंच आहे असं तिचं आपलं वेड, म्हणून ती लिहीतच राहायची.

सिनेमा सुटल्यावर तो वरच्या केबिनमधून धावत खाली आला.

"डोअरकीपर काका म्हणाले ते खरं? खालच्या ओळी... तुम्ही लिहिता?"

"हो. का? चुकलंय काही?"

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही माझ्याशी बोलताय..." तो चक्क लाजला. "आणि मला उलट बोलायची सोयच नव्हती."

"मग आता बोला की."

"आता?" तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. "आता सुचत नाही हो काही!"

साहेबांना तिनं फोन केला, "अजून नीट कळलं नाही, थोडं थांबावं लागेल." खरं तर तिला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. त्याच्या घरी चहाला गेली तेव्हा. दाराला घंटा नव्हती, बटण होतं. ते दाबलं की आत दिवा लागायचा. त्याची आई माग खात्यात होती. कामावरून आलेल्या बायका ओट्यावर बसल्या होत्या, तोंडं भराभर हलत होती, गप्पा अगदी रंगात आल्या होत्या... आणि आवाज मात्र कुणाचाच नव्हता.

"मागांच्या खडखडाटात ओरडून काय उपयोग?" तो म्हणाला. "खात्यात सगळे ओठांनीच बोलतात. आणि काही वर्षांनी... बाहेरही तसंच बोलावं लागतं."

"सगळ्यांना?"

"कमी-जास्त. मीही होतो की खात्यात. उजवा कान गेलाच. डावा थोडा शिल्लक आहे म्हणून हे ऑपरेटरचं काम धरलं. डॉक्टर म्हणाला, परत मागावर उभा राहिलास तर हाही जाईल."

"मग आपल्या भाषेतले सिनेमे..."

"त्यांना खाली ओळी कुठे असतात? आणि बाहेरच्या खऱ्या माणसांच्या सिनेमात ओठ एक सांगतात, ओळी दुसरंच. आमचं डोकं दुखतं. चित्रातल्या माणसांचं बरं असतं. ओठ नुसते उघडतात, मिटतात. ओळ सांगेल ते खरं." त्यानं तिच्याकडे बोट केलं. "आणि पाऊस कसा वाजतो ते बाकी कुणी लिहीत नाही."

कोडं सुटलं होतं, पण तिला त्याचा आनंद झाला नाही. ती त्याच्या डाव्या बाजूला सरकली, कानाजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "असं येतं ऐकू?"

त्याचा चेहरा असा काही उजळला की तिलाच कसंतरी झालं.

"परत बोला."

"काय बोलू?"

"काहीही. गिरणीच्या भोंग्यापेक्षा बरंच आहे."

"एवढीच का किंमत माझी!" ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून कधी 'अहो'चं 'अरे' झालं ते दोघांनाही कळलं नाही. दुपारच्या खेळाला ती हॉलमध्ये बसे आणि तो केबिनच्या काचेआडून ओठ हलवी. सुरुवातीला तिला ओ की ठो कळत नसे. मग 'चहा' कळला, मग 'थांब'. मग एकदा असं काहीतरी कळलं की ती पुढचा सगळा सिनेमा मान खाली घालून बसली.

निघायच्या आदल्या दिवशी त्याच्या आईनं तिचा हात धरला. ऐकू येणाऱ्याशी म्हातारी जरा मोठ्यानंच बोलायची.

"पोरी, कारण सांगू नको हं तुझ्या साहेबाला."

"का, मावशी?"

"दर वर्षी गिरणीचा डॉक्टर तपासतो. पाठीमागे उभा राहून बोलतो. ज्याला ऐकू येत नाही त्याला घरी पाठवतात, हातावर काही न ठेवता. आम्ही रांगेत समोर उभ्या असतो, तो काय बोलला ते ओठांनी सांगतो एकमेकींना. म्हणून चाललंय. हे बाहेर फुटलं तर आमचं सगळं खातंच रिकामं होईल."

साहेबांच्या पोटात काही राहत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यांना कळलं म्हणजे दुसऱ्या दिवशी पेपरात जाहिरात. तिनं शब्द दिला. आईशेजारी बसलेल्या त्यानंही मान डोलावली. पुढं काय वाढून ठेवलंय हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

ऑफिसात साहेबांनी विचारलं, "हं, काय निघालं?"

"आवड आहे त्यांना, साहेब. वेडच आहे म्हणा ना."

"असं!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. "मग सबटायटलवर कशाला भागवायचं? डबिंग करू! मोठ्या नटनट्यांचे आवाज! बंदरावरही चालेल आणि तुझ्या गिरणीवाल्यांची तर चंगळ."

डबिंग म्हणजे खालच्या ओळीच जाणार.

"नको, साहेब... तिथं सबटायटलच असू द्या. त्यांना वाचायला आवडतं."

"वाचायला आवडतं म्हणून कुणी थिएटरात जातं का? वेडी की काय तू!"

ती हातापाया पडली, भांडली, सबटायटलची वेगळी कॉपी काढा म्हणाली. एका गावासाठी कोण काढतो वेगळी कॉपी? कारण सांगितलं असतं तर कदाचित काढलीही असती. ते ओठांवर आलं, पण मावशीची रांग डोळ्यांसमोर उभी राहिली आणि तिनं ते गिळलं.

नवा सिनेमा लागला त्या दुपारी ती गावात पोचली. थिएटर तुडुंब भरलेलं. दिवे मालवले, पडद्यावर समुद्र आला, एक मुलगी बोलू लागली... आणि पडद्याचा तळ कोराच राहिला. लोक वाट बघत होते. यंत्र बिघडलं असेल म्हणून काहींनी मागं वळून केबिनकडे पाहिलं. काचेआड तो दोन्ही हात कपाळाला लावून उभा होता.

कुणी ओरडलं नाही, कुणी खुर्च्या वाजवल्या नाहीत. शेजारी बसलेल्या मावशीनं तेवढं तिच्या कोपराला हात लावला आणि ओठांनीच विचारलं, "काय म्हणतेय गं ती?"

ती तिच्याकडे वळली. पडद्याचा उजेड तोंडावर घेत तिनं मुलीचं वाक्य ओठांनी म्हटलं. मग पुढचं. पुढच्या रांगेतली बाई वळली. तिच्यापुढची वळली. बघता बघता चार रांगा पडद्याकडे पाठ करून तिच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि ती ओठ दुखेपर्यंत एकटी सगळ्यांची झाली... मुलगी, तिचा बाप, खलाशी, समुद्रसुद्धा. बाकीचं थिएटर अंधारात एकेक करून उठून गेलं.

एक खेळ असा निघतो. रोजचे खेळ कसे निघणार? थिएटर रिकामं पडत गेलं. मालकानं जागा सुताच्या गोदामाला देऊन टाकली आणि खुर्च्या उपटून नेल्या.

"मी सांगते साहेबांना," ती केबिनच्या पायरीवर बसून रडत होती. "आत्ता सांगते सगळं! अजून उशीर झाला नाही."

"आणि आई? आणि त्या बाकीच्या?"

"आणि तू? गावात दुसरं काम तरी कुठलं आहे?"

काम होतं. एकच होतं, मागावरचं. दोघांनाही ते माहीत होतं.

"माझ्याबरोबर चल. शहरात."

"आईचे डोळे मिटेपर्यंत नाही, गं. तिला एकटीला कुठं टाकू, आणि शहरात नेलं तर ती कुणाच्या ओठांशी बोलणार? डोळ्यांनाही तिला आता कमी दिसतं. ओठ दिसेनासे झाले की तिच्याशी बोलणारं माणूस घरात हवं. हातावर लिहून बोलणारं."

ती त्याच्यावर खूप चिडली. चांगुलपणाचा एवढा राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता. दोन दिवस ती तोंड फिरवून बसली, आणि या गावात तोंड फिरवणं म्हणजे काय, हे त्याच्याकडे पाहून तिला समजलं. मग ती उठली, शहरात गेली आणि नोकरीचा राजीनामा देऊन बॅगेसकट परत आली. ऑफिसात तशीही आता ओळी लिहिणारं माणूस कुणाला हवं होतं? गावच्या शाळेत तिला शिकवायचं काम मिळालं, पण त्या पगारात तिघांचं भागणार नव्हतं. आईनं तिची बॅग उचलून आत ठेवली.

आणि मग ती सकाळ उजाडली. गिरणीच्या फाटकापाशी पाळीवर जाणारी माणसं जमली होती. आकाश करडं, हवेत कापसाची धूळ. त्याच्या हातात डबा, अंगावर खात्याचा निळा सदरा. आतले माग सुरू व्हायला थोडाच वेळ होता.

ती त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली, टाचा उंचावल्या आणि त्याच्या कानाशी बोलू लागली. आवाजात. आजूबाजूच्या बायका थांबल्या. तिचे ओठ त्याच्या केसांआड होते, म्हणून कुणालाच काही कळेना.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे... ऐकतोयस ना? फार प्रेम आहे. तुझा राग येतो तेव्हाही आहे. मी इथून कुठंही जाणार नाही."

त्यानं डोळे घट्ट मिटले होते. ती थांबली तसे उघडले.

"वेडे, हे ओठांनी सांगितलं असतंस तरी कळलं असतं मला."

"ओठांनी रोज सांगेन," ती म्हणाली. "आवाजात आज ऐकून घे."

भोंगा झाला. फाटक उघडलं. तो हलला नाही. डावा कान तिच्याकडे करून तसाच उभा राहिला, आणि आतला पहिला माग सुरू होईपर्यंत ती बोलत राहिली.