खिळ्यावरचा बिल्ला

"जॅक आला, मोठी हातोडी आली... ए भोंग्या, जरा हळू बोल की! माझे कान शाबूत राहू देत!" पक्कड म्हणाली.

"मी हळूच बोलतोय!" भोंगा केवढ्यांदा तरी ओरडला.

सुट्टीतलं हे रोजचं काम. सकाळी मामांच्या गॅरेजमधली हत्यारं जागच्या जागी लावायची, मग दिवसभर हुंदडायला मोकळे! गल्लीत चार गॅरेजं होती आणि मोठी हत्यारं सगळ्यांत मिळून एकेकच. ती मामांच्या भिंतीवर टांगलेली असत. ज्याला हवं त्याने न्यावं आणि रिकाम्या खिळ्याला आपला पितळी बिल्ला अडकवावा. कामंही अशीच वाटून घ्यायची. एकाचं अर्धं राहिलेलं दुसरा पुरं करायचा.

यादी पक्कडच्या हातात होती. एकदा काही धरलं की ही सोडायची नाही, म्हणून हिचं नाव पक्कड. धाकटा भाऊ वॉशर, कारण तो कुठल्याही फटीत मावायचा. आणि त्यांचा दोस्त भोंगा, त्याचा आवाजच तसा.

"ताई, कटकट्या नाहीये!" वॉशर म्हणाला.

कटकट्या म्हणजे चाकाचे नट आवळायचा लांब पाना. नट पुरेसा घट्ट झाला की तो 'कट्' असा वाजायचा. त्याच्या खिळ्यावर जनरेटरवाल्या काकूंचा बिल्ला लटकत होता.

"हा बिल्ला तर काल संध्याकाळीही इथेच होता," पक्कड पुटपुटली. आणि तिने झटकन रस्त्याकडे पाहिलं. आत्ताच, दहा मिनिटांपूर्वी, आई मिनीबस घेऊन निघाली होती. पोहण्याच्या शिबिराची वीस मुलं गोळा करायला! सकाळी त्या बसचं मागचं चाक काढून पुन्हा बसवलं होतं. मग नट आवळले कशाने?

तिघं धावत काकूंकडे गेली.

"कटकट्या? कालपासून माझ्याकडेच आहे गं. कुणी मागायला आलंच नाही," काकू म्हणाल्या.

पक्कड उलट्या पावली पळाली. "मामा, आईच्या बसचे नट आवळलेत का?"

"आवळलेत, आवळलेत! मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नका. जा, खेळा!"

"आवळलेत म्हणजे काय, आवळलेतच!" शेजारच्या गॅरेजमधून जाडे मिस्त्री ओरडले.

पण सोडेल ती पक्कड कसली! तिने मिस्त्रींना हाताला धरून ओढत मामांसमोर आणून उभं केलं. "दोघांनी एकदम बोट दाखवायचं. नट कुणी आवळले? एक, दोन, तीन!"

मामांनी मिस्त्रींकडे बोट दाखवलं. मिस्त्रींनी मामांकडे.



"अहो," मामा म्हणाले, "मी नट नुसते बोटांनी फिरवून तुमचं इंजिन उचलायला आलो. पुढचं काम तुमचं होतं ना?"

"मी आलो तेव्हा चाक लागलेलं होतं! मला वाटलं, झालंय. मी जॅक काढला आणि बस सोडली," मिस्त्री म्हणाले.

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी आईला फोन लावला. रिंग वाजली ती बाकावरच! आई फोन चार्जिंगलाच विसरून गेली होती.

"तुम्ही विचारायचं तरी!"

"मीच का म्हणून? तुम्ही सांगायचं!"

"तुमचं भांडण चालू द्या, आम्ही निघालो!" पक्कडने लाल फडकं उचललं. बस वाटेत मुलं घेत टेकडीला वळसा घालून चढायची. गल्लीमागच्या पायऱ्या मात्र थेट माथ्यावर जात होत्या. आणि माथ्यापलीकडे होता तीव्र उतार! बस त्याआधी गाठलीच पाहिजे.

पायऱ्या संपेचनात. वॉशर दोनदा पडला, दोनदा उठला. पक्कडच्या छातीत कळ येत होती. आई, हळू चालव, प्लीज हळू चालव, एवढंच ती मनात घोकत होती.

वर पोचतात तोच बस वळणावर दिसली. मागचं चाक लटलटत होतं! पक्कड रस्त्याच्या कडेला उभी राहून जिवाच्या आकांताने फडकं हलवू लागली. पण बसमध्ये मुलांचा गाण्याचा धुडगूस, आणि आईची नजर समोर. बस पुढून निघूनही गेली!

"भोंग्या, आता हळू बोलू नकोस!"

"थांबाऽऽऽ!"

झाडावरचे पक्षी उडाले. गाणं बंद पडलं. बस उताराच्या तोंडाशी येऊन थांबली.

आई उतरली, चाकापाशी वाकली आणि मटकन खालीच बसली. सहापैकी दोन नट गायब होते. उरलेले बोटाने फिरत होते. तिने पोरांना घट्ट कवटाळलं. 

मोटरसायकलवरून मामा आणि मिस्त्री कटकट्या घेऊन पोचले. जॅक लावून चाक नीट बसवलं, नवे नट घातले. कट्, कट्, कट्... सहा वेळा. प्रत्येक वेळी आईने मोजलं.

"चूक आमची दोघांची," मामा मान खाली घालून म्हणाले. "तीस वर्षांच्या अनुभवाचा तोरा मिरवत बसलो. पोरांनो, आज तुम्ही एकवीस जीव वाचवलेत!"

दुसऱ्या दिवशी भिंतीवर एक नवा खिळा होता. त्याला नवाकोरा पितळी बिल्ला, वर कोरलेली छोटीशी पक्कड. दुरुस्तीला आलेल्या गाडीची किल्ली आता त्या बिल्ल्याखाली राहायची.

"बाईसाहेब, तेल बदलून झालंय. किल्ली मिळेल का?" आईने हसत विचारलं.

"थांब. मामा, चाकं!"

मामा मुकाट्याने कटकट्या घेऊन वाकले. पक्कडने कान लावला, सगळे आवाज मोजले आणि मगच किल्ली आईच्या हातात दिली.