झुंबरच्या हातची धार

ही गोष्ट १९९३ च्या हिवाळ्यातली. कसबा बावड्यात आमच्या घरामागं तेव्हा ऊस होता. आता तिथं अपार्टमेंट उभं आहे. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की मळीचा वास गावावर बसायचा, भाकरीलासुद्धा लागायचा. पाहुणे नाकाला पदर लावत. आम्हाला मात्र तो वास नसला की चुकल्यासारखं होई.

घरात आम्ही दोघी जावा. मी थोरली, सगळे मला आक्का म्हणत. धाकटी झुंबर, माझ्या दिराची, जोतीरामची बायको. तिला मूल नव्हतं. आमच्या सासूबाई, आत्ती, त्याबद्दल कधी काही बोलत नसत, आणि त्यांचं ते न बोलणंच तिला जास्त टोचत असावं. पण घरात तिची एक जागा होती, ती कुणाला घेता येण्यासारखी नव्हती. दावणीची मोठी म्हैस फक्त झुंबरच्या हाताला धार द्यायची.

जोतीरामनं एकदा ती म्हैस कोल्हापुरात गंगावेशीत नेली होती. तिथं गिऱ्हाइकासमोर पेल्यात धार काढून देतात. भर चौकात म्हशीनं थेंब सोडला नाही, वर लाथ मारून पेला उडवला. तो चिखल झाडत घरी आला तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो.

"भावजी, नवी नवरी हाय ती. परक्या गड्याला हात लावू देती व्हय?"

"नवरी परवडली, वैनी. ती निदान लाथ तरी सांगून मारती."

झुंबर पदरात तोंड लपवून म्हणाली, "मी न्हाय तर दूध न्हाय. सांगून ठेवतो." आमच्याकडच्या बायका अशाच 'येतो, जातो' बोलतात. त्या वाक्यात तिचा सगळा संसार होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

डिसेंबरात तिला ताप भरू लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पडून राहायला सांगितलं. सासरी कुठली सून पडून राहते? तिचं माहेर कळंब्याला. भाऊ ज्ञानू रिक्षा घेऊन आला. निघताना ती गोठ्यात गेली आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग मला म्हणाली, "आक्का, चार दिसांत न्यायला लावून द्या. म्हस तरी दम धरायची न्हाय."

माहेरी गेलेली सून आमच्यात आपल्या पायानं परत येत नसे. सासरचं माणूस न्यायला जायचं. आपणहून आली तर माहेरानं हाकलली म्हणत, आणि कुणी न्यायलाच आलं नाही तर सासरनं टाकली म्हणत.

पहिले दोन दिवस म्हशीनं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. कास दगडासारखी झाली. ती रात्रंदिवस रेकत होती. जोतीराम म्हणाला, "जातो उद्या आणि आणतो तिला."

मी म्हटलं, "आजारी बाईला म्हशीसाठी वढून आणताय? थांबा जरा."

झुंबर धार काढताना नेसायची ते हिरवं जुनेर गोठ्यातल्या खुंटीवर होतं. जनावर वासावर चालतं, हे आमच्याकडं पोरीबाळींनाही ठाऊक असतं. मी ते जुनेर नेसले. तिच्यासारखा पदर खोचला, तिच्यासारखं चुचकारलं. म्हशीनं मान वळवून हुंगलं, आणि पान्हा सोडला.

मला फार आनंद झाला. पोरगी आणखी चार दिवस निवांत पडेल, एवढंच माझ्या मनात होतं. देवाची आण, एवढंच.

"मग नीट बरी हुंदे," जोतीराम म्हणाला. त्याला कारखान्यात रोज पाळी होती. "म्हस आटली की जातोच की."

म्हैस आटली नाही. उलट दूध वाढलं. मी बादली घेऊन गोठ्यात शिरले की तिचे सड आधीच ओले असत, जणू कुणी कासेला हात लावून पान्हवून ठेवलंय. मी चुचकारायच्या आधी ती रवंथ थांबवून कान टवकारायची. तिचे डोळे माझ्याकडं नसत; माझ्या खांद्यामागं, वैरणीच्या कोपऱ्याकडं असत.

एकदा आत्ती सोप्यावरून म्हणाल्या, "झुंबर, घोटभर च्या टाक गं." त्यांना कमी दिसायचं. मी चहा करून दिला.

मग शेजारच्या विठाबाईनं पाण्याच्या नळावर विचारलं, "झुंबर आली न्हवं? सकाळच्याला गोठ्यात वाकली हुती. हाक मारली तर वळूनबी बघितलं न्हाय. लई माज चढलाय बाई तिला."

"मीच आसंन, विठाबाई."

"तुमी दळाण घिऊन गिरणीकडं निघाला हुता की. तुमाला वाटंला लावूनच मी माघारी फिरलो."

त्या दिवशी मी जुनेर धुवावं म्हणून भिजत घातलं. पाणी पांढरं झालं. दुधासारखं नव्हे, दूधच. मी ते उकिरड्यावर ओतलं.

घरात कुणाला झुंबरची आठवण येईना, हे मला त्यानंतर जाणवलं. जेवायला बसताना जोतीराम तिचं ताट शोधत नव्हता. आमचे हे, गणपतराव, तिची चौकशी करत नव्हते. कुणी वाईट नव्हतं. घरात ती आहेच, असं प्रत्येकाला वाटत होतं. मलासुद्धा. भाकऱ्या थापताना मी एक तिच्या नावाची थापायची, आणि ती उरायची नाही.

त्याच सुमारास ज्ञानू कारखान्याच्या फाटकावर जोतीरामला भेटला. घरी येऊन जोतीरामनं मोठ्या कौतुकानं सांगितलं, "झुंबरनं इचारलंय, म्हस काय करती? मी म्हटलं, झकास दूध देती. काय काळजी करू नगं म्हणावं. निवांत ऱ्हा म्हणावं."

म्हैस अडली की आपल्याला न्यायला येतील, या भरवशावर ती दिवस मोजत होती, हे मला त्या क्षणी कळलं.

"भावजी, उद्या जावा आणि तिला आणा."

"उद्या डबल पाळी हाय, वैनी. आन् बरी तर हुंदे."

दुसऱ्या दिवशी सांजेला जुनेर खुंटीवरच ठेवलं आणि माझ्या स्वतःच्या पातळात गोठ्यात गेले. म्हशीनं मला हुंगलं आणि पाय झाडला. सड कोरडे. मी बादली तिथंच ठेवून बाहेर आले. जोतीराम नुकताच डबल पाळी करून आला होता.

"म्हस आटली," मी म्हणाले. "आता तरी जावा."

तो घाबरला. चहासुद्धा न घेता त्यानं एम-एटी गाडी वळवली. मला इतकं हलकं वाटलं की रडू आलं.

तेवढ्यात गोठ्यातून आवाज आला.

रिकाम्या बादलीच्या तळावर पहिली धार वाजते, तसा. मग दुसरी. मग लय लागली. फेस चढत गेला तसा आवाज जड होत गेला.

मी आणि जोतीराम अंगणातच उभे होतो. आत्ती सोप्यावर होत्या. हे शेतात होते.

आवाज थांबला.

मी आत गेले. बादली काठोकाठ भरली होती. फेस अजून फुटत होता. म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती.

खुंटी रिकामी होती.

जोतीराम माझ्या मागं येऊन उभा राहिला. त्यानं बादलीकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "वैनी, येतंय की दूध! उगं जीव घाबरा केला माझा."

त्यानं गाडी परत स्टँडला लावली.



सकाळी ज्ञानू आला. उंबऱ्याच्या आत आला नाही. "काल सांजंला गेली," म्हणाला. निरोप मिळाल्यापासून तिनं अन्न सोडलं होतं. रोज धारेच्या वेळेला अंथरुणात पडल्या-पडल्या तिचे हात चालायचे, मुठी उघडायच्या, मिटायच्या. आदल्या सांजेला ते फार जोरात चालले. मग थांबले. "'भरली' म्हणाली," ज्ञानू म्हणाला. "काय भरली, कळलं न्हाय आमास्नी."

माणूस तापानं गेलं की लोक 'वाईट झालं' म्हणतात, चहा घेतात आणि उठतात. आमच्याकडंही तसेच आले आणि उठले. दुःख तेवढंच असतं तर मीही उठले असते. पण नवऱ्यानं काळजी केली, जावेनं माया केली, तिनं स्वतः मुक्या जनावराची कास मोकळी केली. आणि या तिन्ही चांगल्या गोष्टींनी मिळून तिची वाट बंद केली. एकानं जरी वाईट वागायचं ठरवलं असतं, तर ती वाचली असती.

म्हैस त्या दिवसापासून आटली ती आटलीच; वडगावच्या बाजारात गेली. जोतीरामनं दुसरं लग्न केलं, दोन मुली झाल्या. तो वारणानगरला राहायला गेला, आणि तिथं दुधाचा पूर असून कोरा चहा पीत राहिला. आत्ती अठ्ठ्याण्णव साली गेल्या. शेवटपर्यंत मला झुंबरच म्हणत होत्या. गणपतरावांनाही जाऊन आता काही वर्षं झाली.

ज्ञानू मला २००६ मध्ये एका लग्नात भेटला. म्हातारा झाला होता. पंगतीतून उठून माझ्याशेजारी येऊन बसला.

"आक्का, एक गोष्ट इतकी वर्सं कुणाला बोललो न्हाय. झुंबर धा दीस अंथरुणातनं उठली न्हवती. पण शेवटची आंघोळ घालाय घेतली, तर दोन्ही पाय घोट्यापातुर शेणानं भरलेलं. वलं शेण."

तो उठला, आणि जाता जाता म्हणाला,

"आन् आमच्या दारात तवा एकबी जनावर न्हवतं."